दिल्लीदर्शनाचा क्रम

दिल्लीस जाणारा प्रवासी बहुधा प्रथम लाल किल्ला गांठतो. परंतु कालक्रमानें हिंडल्यास हें शहर अधिक उमगतें. बाराव्या शतकाच्या अखेरीस आरंभिलेला कुतुबमिनार आधीं पाहावा. मग सोळाव्या शतकांतील हुमायूनचा मकबरा व त्यानंतर १६४८ सालीं पुरा झालेला लाल किल्ला. तेथील दिवाण-इ-खासांत महाराष्ट्रीयानें मान वर करून छत अवश्य न्याहाळावें. त्यावरील चांदी १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं फौजेच्या खर्चासाठीं उतरविली. १७६१ च्या जानेवारींत त्या फौजेचा पानिपतावर नाश झाला. छतास चांदी पुन्हां लाभली नाहीं. अखेरीस १९३१ सालीं उद्घाटन झालेली नवी दिल्ली पाहावी. एवढ्या फेरींत चार सत्तांचा उदयास्त डोळ्यांपुढून जातो.