विंध्याचा घाट आणि मराठीची वाट

1 नोव्हेंबर 1956 हा दिवस आपण सीमाभागात काळा दिवस म्हणून पाळतो. त्या दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला गेला. त्याच दिवशी, त्याच राज्यपुनर्रचनेत मध्य भारत हे राज्य मोडून नव्या मध्य प्रदेशात गेले आणि होळकरांचे इंदूरही त्यात गेले. तिकडे हा दिवस राज्याचा स्थापनादिन म्हणून साजरा होतो. मग सीमावाद नसलेल्या या मराठी वस्तीचे पुढे काय झाले? ते पाहावे म्हणून आम्ही इंदूर ते महेश्वर हा विंध्याच्या घाटातला रस्ता सायकलवरून केला. मोटारीतून गावे मागे पडतात, पण बोली कानावर पडत नाही. सायकलवाल्याला पाणी मागायला आणि वाट विचारायला थांबावेच लागते.

इंदुरात मराठी शोधावी लागत नाही. जुन्या वाड्यांत, गणेशोत्सवाच्या मांडवांत ती भेटते. ‘काय करून राहिलात?’ असा हिंदी वळणाचा प्रश्न कानी येतो आणि तो कोणाला खटकतही नाही. या शहराने 1917, 1935 आणि 2001 असे तीनदा मराठी साहित्य संमेलन भरवले. 2001 च्या आदल्याच वर्षी ते बेळगावात भरले होते, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

राऊमार्गे 23 किलोमीटरवर महू लागते. 1818 च्या मंदसोर तहानंतर इंग्रजांनी येथे छावणी वसवली. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ येथे पलटणीत होते आणि 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथेच जन्मले. 2003 पासून गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर आहे.

जिथे पाणी दुभागते

महूपासून डोंगर सुरू होतो. पाताळपाणीच्या धबधब्याजवळून कालाकुंडकडे उतरणारी मीटरगेज रेल्वे होळकरांच्या पैशाने झाली. तिच्यासाठी दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्ज दिले होते. पश्चिमेला जानापावचा डोंगर आहे. उंची सुमारे साडेआठशे मीटर. शेवटच्या चढाला पायडल मारणे संपते आणि सायकल हाताने ढकलावी लागते. इथे चंबळ उगम पावते. तिचे पाणी उत्तरेला यमुनेकडे जाते, तर डोंगराच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस नर्मदेला मिळतो.

बोलीचेही तसेच आहे. पठारावर सोयाबीन आणि गव्हाच्या शेतांत ‘म्हारो, थारो’ची माळवी ऐकू येते. वाट आम्ही हिंदीत विचारायचो, उत्तर माळवीत यायचे, आणि दोघांचेही भागायचे. पुढे जाम दरवाजा लागतो. अहिल्याबाईंच्या काळातली ही दगडी कमान माळव्याच्या ऐन कडेवर उभी आहे. तिच्यातून पलीकडे गेले की रस्ता एकदम खाली सुटतो. दोन्ही ब्रेक दाबून उतरावे लागते. सागाचे रान, भिल्ल-भिलाल्यांचे पाडे, कौलारू घरे मागे पडतात, हवा उबदार होते, कापूस दिसू लागतो आणि निमाडी बोली सुरू होते. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. इथे ती एका घाटात बदलते.

आणि या साऱ्या खेड्यांत मराठी? ती नाही. मंडलेश्वर ओलांडून नर्मदाकाठी महेश्वरला आलो, तेव्हा वाड्यात आणि घाटावर ती पुन्हा आठवली. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, चोंडीच्या अहिल्याबाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत येथून राज्य चालवले. दप्तर मोडी मराठीत होते. पण ती दरबाराची, फडाची, छावणीची मराठी होती. शेतातली नव्हती.

आपल्यासाठी धडा

घाट चढता-उतरताना मनात आले ते हेच. इंदूरकडची मराठी राज्याच्या आश्रयाने आली, राज्य गेल्यावर घरांच्या आणि संस्थांच्या आधारावर उरली. तिच्यावर कोणी घाला घातला नाही. तरीही ती निसटू शकते, कारण हिंदीची आणि तिची लिपी एकच. मुलगा पाटी सहज वाचतो, पण वाचतो ती हिंदी. काय गेले ते घराला कळतही नाही. आपल्याकडे कानडी लिपी वेगळी, म्हणून मराठी पाटी उतरली की त्याच दिवशी डोळ्यांत खुपते.

दुसरा फरक अधिक मोलाचा आहे. आपली मराठी खेड्यातली आहे. नांगर, पेरणी, भजन आणि भांडण सगळे तिच्यातच चालते. इंदूरकरांना जे कधी लाभले नाही, ते आपल्या बांधावर आहे.

परक्या बोलीचा दुस्वास मात्र करू नये. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व आजारपणामुळे देवासला आले आणि माळव्याच्या लोकगीतांनी त्यांचे गाणे समृद्ध झाले. घरची भाषा कानडी, तरी मराठी रसिकांनी त्यांना आपलेच मानले.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेला. ती लढाई तिथल्या गतीने चालेल. पण मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे घटनेचे 350-अ कलम सांगते. ती सोय मागण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. गावातल्या मराठी शाळेत आपले मूल घालणे, वाचनालयाची वर्गणी भरणे, ग्रामपंचायतीत मराठीतून अर्ज देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. इंदूरच्या मराठी माणसांनी खेड्यांचा आधार नसताना भाषा दोनशे वर्षे सांभाळली. आपल्याला तो आधार असताना ती आपल्या हयातीत पातळ झाली, तर दोष सरकारवर ढकलून चालणार नाही.