मुठीत मावेल तेवढंच

टेकडीवर निघताना मी पोरांना दोनच गोष्टी बजावते. झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं घ्यायचं. आणि मुठीत मावेल तेवढंच घ्यायचं. पिशवी दिली की मुलं दिसेल ते तिच्यात कोंबतात आणि खाली आल्यावर आत काय आहे हे त्यांनाच आठवत नाही. मूठ भरली की मात्र पंचाईत होते. हातातला दगड टाकल्याशिवाय नवी शेंग घेता येत नाही. चार वर्षांच्या माणसाला हा निर्णय फार जड जातो. तो तिथेच उभा राहतो, एकदा दगडाकडे बघतो, एकदा शेंगेकडे. अशा वेळी आपण मध्ये बोलायचं नसतं. एका मुलीने मात्र या नियमातून पळवाट काढली. बहाव्याची हातभर लांब शेंग तिने मधोमध मुठीत धरली आणि म्हणाली, “मावली ना, ताई?” आम्ही ते मान्य केलं.

पुण्यात माझ्यासारख्या बालवाडीच्या बाईला टेकड्यांचा मोठा आधार आहे. वेताळ टेकडीवर वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प जिकडेतिकडे आहे. ते इथलं नव्हे, मध्य अमेरिकेकडचं. झाडांच्या जाणकारांना ते फारसं आवडत नाही आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पण एप्रिलच्या उन्हात त्याच्या वाळक्या शेंगा फट्‌ फट्‌ आवाज करत तडकतात, बिया लांब उडतात आणि शेंगेची दोन्ही शकलं पीळ खाऊन खाली पडतात, तेव्हा मुलांना खिळवून ठेवायला दुसरं काही लागत नाही. बिया विषारी असतात, म्हणून उचलायची ती पिळाची शकलं, आणि खाली आल्यावर साबणाने हात धुवायचे.

रस्त्याकडेच्या महोगनीची बोंडं फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटतात. आतल्या तपकिरी, पंखवाल्या बिया आम्ही गॅलरीतून सोडतो. बी गरगर फिरत सावकाश खाली येते. मग तिचा पंख तोडून सोडायची, की सरळ खाली. झाडाने हा पंख कशाला दिला असेल, ते सांगायला मी तोंड उघडण्याआधीच मुलांनी सांगितलेलं असतं. चैत्राच्या सुमारास वावळाच्या कागदी चकत्या वाऱ्यावर येतात, मागोमाग सावरीचा कापूस, आणि पावसाळा सरला की बुचाची पांढरी फुलं. दगड बारमाही. आपला सगळा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे पाण्यातली खनिजं साचून पांढरे, चमकणारे स्फटिक तयार झाले. मुलं त्यांना हिरे म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते पुढे कोसबादच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची साधनं शास्त्रशुद्ध, पण महाग. वारली पाड्यातल्या मुलांसाठी ती आणायची कुठून? तेव्हा या बायकांनी खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं मानली. मोजायला चिंचोके, लहान-मोठं लावायला खडे, रंगांसाठी पानं-फुलं. आज शहरातल्या दुकानात लाकडी ठोकळ्यांचा डबा हजारांच्या घरात मिळतो आणि त्यातला प्रत्येक ठोकळा घासूनपुसून गुळगुळीत केलेला असतो. मला कोसबादची पद्धत स्वस्त म्हणून आवडते असं नाही. दोन चिंचोके कधीच अगदी सारखे नसतात, त्यामुळे मुलाला खरोखर नीट बघावं लागतं.

बघण्याचं खरं काम खाली आल्यावर सुरू होतं. चटईवर सगळ्यांच्या मुठी रिकाम्या करायच्या आणि एवढंच म्हणायचं, “आता लावा.” कसं लावायचं ते सांगायचं नाही. आपल्या मनात रंग आणि आकार असतात. मुलांनी केलेल्या वाटण्या माझ्या कल्पनेबाहेरच्या निघतात: घरंगळणारे आणि न घरंगळणारे, वाजणारे आणि मुके (शिरीषाची वाळकी शेंग खुळखुळते, म्हणून तिचा मान मोठा), टोचणारे आणि “चांगले”. एकाने वाटणी केली होती ती आईला आवडतील असे आणि आवडणार नाहीत असे. वनस्पतिशास्त्रात ती बसणार नाही, पण त्याने एकेक वस्तू हातात घेऊन विचार केला होता, आणि मला हवं होतं ते एवढंच. पालक मात्र नावांची घाई करतात. “सांग, हे कशाचं बी?” मुलाने विचारलं तर नाव जरूर सांगावं. न विचारता सांगितलं, की नाव पाठ होतं आणि वस्तू हातातून खाली ठेवली जाते.

धोक्यांचं मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. गुंज दिसायला देखणी. पूर्वी सोनार तिच्यावर सोनं तोलत, वजन साधारण 0.12 ग्रॅम. ती अत्यंत विषारी आहे. कवच कठीण असल्यामुळे अख्खी गिळलेली कधी तशीच बाहेर पडते, पण चावलेली किंवा भोक पाडलेली गुंज जिवावर बेतू शकते. म्हणजे गुंजांची ओवलेली माळ सुट्या गुंजेपेक्षा वाईट. एरंडाच्या चित्रविचित्र बिया, पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, धोतऱ्याची काटेरी फळं यांनाही आमच्या चटईवर जागा नाही. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना बारीक बिया देऊच नयेत, त्या नाकात जातात. गेलीच, तर घरी चिमट्याने काढत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

आणखी एक. समुद्रावर गेलात तर शंख उचलल्यावर जरा वेळ तळहातावर ठेवून बघा. रिकामा वाटणाऱ्या शंखातून पुष्कळदा खेकड्याचे पाय बाहेर येतात. हा खेकडा आपला शंख स्वतः बनवत नाही, मेलेल्या गोगलगाईचा शोधून त्यात राहतो, आणि मोठा झाला की त्याला मोठा शंख लागतो. आपण सगळे चांगले शंख गोळा करून आणले तर त्याने जायचं कुठे? अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर काहीच उचलू नये. तिथे कायद्याचीच मनाई आहे.

उरलेला माल आम्ही उन्हात चांगला वाळवून अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवतो. तरी गेल्या उन्हाळ्यात चिंचोक्यांना गोल भोकं पडली आणि त्यांतून बारके भुंगे बाहेर आले. मदतनीस मावशी ट्रे टाकायला निघाल्या तर पोरांनी दार अडवलं. आता भोकं पडलेले चिंचोके कोणत्या खणात ठेवायचे यावर तंटा आहे. अर्ध्यांचं म्हणणं ते रिकामे, म्हणून टरफलांबरोबर जावेत. उरलेल्यांचं म्हणणं ती भुंग्यांची घरं आहेत, आणि भुंगे संध्याकाळी परत येतात की नाही हे आधी ताईंनी थांबून बघावं.