विश्लेषण : अमडापूर ते जैसलमेर… स्वतःच्या गाडीने वाळवंटातील अभयारण्ये पाहायची तर तयारी कशी करावी?

घुडखर, माळढोक, कांड्या करकोचा आणि वाळूच्या टेकड्या. दहा दिवसांत सुमारे २,८०० किलोमीटरचा हा प्रवास विदर्भातून सहज शक्य आहे. मात्र निघण्याची वेळ, रोजचा पल्ला आणि गाडी कुठे थांबवायची, हे तीन निर्णय चुकले तर सहल अंगाशी येऊ शकते.

सोयाबीन घरात आले, रब्बीची पेरणी उरकली, की चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावांत थोडी उसंत मिळते. कुटुंबासाठी चारचाकी घेतलेल्या अनेक घरांत याच दिवसांत ‘यंदा कुठे जायचे’ हा विषय निघतो. शिर्डी, पंढरपूर, कोकण झालेले असते. मग नजर जाते राजस्थानकडे. किल्ले आणि हवेल्या सारेच पाहतात, पण त्याच वाटेवर देशातील सर्वांत वेगळी वन्यजीव क्षेत्रेही आहेत.

वाळवंटात पाहण्यासारखे काय?

बुलढाणा जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरला जेमतेम दोनशे. एवढ्या पावसावर तगणारी झुडपे, गवत आणि प्राणी हेच या प्रवासाचे आकर्षण. वाटेत दोन मोठी क्षेत्रे लागतात. पहिले गुजरातमधील कच्छच्या छोट्या रणातील घुडखर अभयारण्य. घुडखर म्हणजे रानगाढव. सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याची घोषणा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. २०२४ च्या गणनेत गुजरातमध्ये ७,६७२ घुडखर आढळले. २०२० मध्ये ही संख्या ६,०८२ होती.

दुसरे जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेले डेझर्ट नॅशनल पार्क. क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर. नावात राष्ट्रीय उद्यान असले तरी कायद्याने ते १९८० मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे. आत ७० हून अधिक गावे आणि वस्त्या आहेत. त्यामुळे ताडोबासारखे एक प्रवेशद्वार आणि आत घनदाट जंगल, अशी कल्पना करून गेल्यास निराशा होते. येथे गाव, शेत, शेळ्या-मेंढ्यांचे कळप आणि वन्यजीव एकाच माळावर दिसतात.

माळढोकचा महाराष्ट्राशी संबंध कोणता?

माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये अभयारण्य झाले. एकेकाळी महाराष्ट्राच्या माळरानांवर सहज दिसणारा हा पक्षी आता राज्यातून जवळपास नाहीसा झाला आहे. देशभरात तो दीडशेच्या आसपास उरल्याचे सांगितले जाते आणि त्यातील बहुतेक जैसलमेर परिसरात आहेत. म्हणजे आपल्याच माळावरचा पक्षी पाहण्यासाठी मराठी माणसाला आता हजार-बाराशे किलोमीटर जावे लागते.

माळढोकाचा नर १५ किलोपर्यंत भरतो. एवढ्या वजनाच्या पक्ष्याला उडताना ऐनवेळी वळता येत नाही. शिवाय त्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळतो. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला असून २०२१ मध्ये न्यायालयाने तारा भूमिगत करण्याबाबत आदेश दिले होते. पुढे २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणूनच पर्यटकाने मळलेली वाट सोडून गाडी माळावर घातली, तर एका चाकाखाली एका जोडीचा वर्षभराचा वंश जाऊ शकतो. सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत माळढोकाचे संवर्धन प्रजनन सुरू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ही केंद्रे पर्यटनस्थळे नाहीत, हे लक्षात ठेवावे.

कधी निघावे?

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा योग्य काळ. पावसाळ्यात छोटे रण पाण्याखाली जाते आणि अभयारण्य बंद असते. पाणी ओसरून जमीन वाळायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. उन्हाळ्यात तर जाऊच नये. जोधपूर-जैसलमेर पट्ट्यातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते. उलट जानेवारीच्या रात्री पारा एक अंकी आकड्यावर येतो. दुपारी सुती कपडे आणि रात्री स्वेटर-कानटोपी, असे दोन्ही बरोबर लागते. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरला मरु महोत्सव असतो. तेव्हा गर्दी वाढते, खोल्या आधीच घ्याव्या लागतात.

मार्ग कोणता आणि रोज किती?

जाताना गुजरात आणि येताना मध्य प्रदेश, असा गोल फेरा घेतल्यास तोच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. अंतरे अंदाजे आहेत.

पहिला दिवस : अमडापूर, खामगाव, मलकापूर, जळगाव, धुळे, नवापूरमार्गे व्यारा; ४२५ किमी.
दुसरा दिवस : सुरत, अहमदाबादला वळसा घालून दसाडा, ४३० किमी.
तिसरा दिवस : छोट्या रणात सकाळ-संध्याकाळ सफारी, दुपारी विश्रांती.
चौथा दिवस : राधनपूर, सांचोरमार्गे बाडमेर; ३३० किमी.
पाचवा दिवस : बाडमेर ते जैसलमेर; १५५ किमी. वाटेत आकल येथे जुरासिक काळातील, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे जीवाश्म. लोणारचे सरोवर पाहून वाढलेल्या मुलांना हा थांबा नक्की आवडेल.
सहावा दिवस : डेझर्ट नॅशनल पार्क, सुदासरी परिसर आणि समच्या टेकड्या.
सातवा दिवस : पोखरण, फलोदीजवळील खीचनमार्गे जोधपूर, ३१० किमी.
आठवा दिवस : जोधपूर ते उदयपूर, २५० किमी.
नववा दिवस : मेनार, नीमच, मंदसौरमार्गे इंदूर, ४०० किमी.
दहावा दिवस : खंडवा, बऱ्हाणपूर, मुक्ताईनगरमार्गे घरी, ३४० किमी.

खीचनला हिवाळ्यात कांड्या करकोच्यांचे हजारोंचे थवे उतरतात आणि गावकरी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकतात. उदयपूरजवळच्या मेनारचे लोक तलावावरील पक्ष्यांना जपतात. या दोन्ही पाणथळ जागांना जून २०२५ मध्ये रामसर दर्जा मिळाला.

रात्री गाडी चालवावी का?

नाही. बुलढाणा जिल्ह्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. सरळ, मोकळा रस्ता चालकाला सुस्तावतो. बाडमेर-जैसलमेरचे रस्ते तसेच आहेत. शिवाय अंधारात अचानक उंट, गायी किंवा नीलगाय समोर येते. उंटाचे पाय लांब असल्याने धडकेत त्याचे धड थेट काचेवर आदळते.

पहाटे सहाला निघावे, सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. दर दोन तासांनी १५ मिनिटे थांबावे. वाहन चालवण्याचा परवाना असलेली किमान दोन माणसे गाडीत असावीत. वरील आराखड्यात एकाही दिवसाचा पल्ला ४५० किलोमीटरपलीकडे नाही, तो याच कारणाने.

आपली गाडी वाळूत किंवा रणात न्यावी का?

तीही चूक टाळावी. छोट्या रणाचा पृष्ठभाग वरून फरशीसारखा टणक दिसतो, पण कित्येक ठिकाणी त्या पातळ पापुद्र्याखाली चिखल असतो. गाडी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत तास न्‌ तास जातात. वनखात्याचा परवाना काढून वाट माहीत असलेल्या स्थानिक चालकाच्या जीपमधून जाणेच शहाणपणाचे. अगरिया म्हणजे मिठागर कामगारांच्या वस्त्याही त्यामुळे नीट पाहता येतात. समच्या टेकड्यांवरही साधी कार अडकते. चाके रुतलीच तर जोराने ॲक्सिलरेटर देऊ नये. चाक आणखी खोल जाते. चाकापुढची वाळू हाताने उपसावी, पायपुसणी चाकाखाली घालावी आणि हळूहळू गाडी काढावी.

गाडीची आणि कागदांची तयारी काय?

निघण्याच्या आठवडाभर आधी कूलंट, ब्रेक, बॅटरी, फॅनबेल्ट आणि पाचही टायर तपासावेत. पाचवा म्हणजे स्टेपनी. बहुतेकांच्या स्टेपनीत हवाच नसते. जैसलमेर परिसरात पंप दूर-दूर असल्याने टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यावी. माणशी रोज पाच लिटर पिण्याचे पाणी, ओआरएसची पाकिटे आणि प्रथमोपचार पेटी गाडीत असावी. मोबाइलचे नेटवर्क जाते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा.

आरसी, विमा, पीयूसी आणि परवाना डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. एमएच-२८ क्रमांकाच्या खासगी गाडीला दुसऱ्या राज्यात जाण्यासाठी वेगळा परमिट लागत नाही. मात्र ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेऊ नये. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळ्या पाटीच्या गाडीकडे पर्यटक परमिट असल्याची खात्री करावी. गुजरातमध्ये दारूबंदी आहे. गाडीत बाटली सापडल्यास गुन्हा दाखल होऊन गाडी जप्त होऊ शकते. जैसलमेर सीमावर्ती जिल्हा असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे, ड्रोन नेऊ नये.

खर्च किती येतो?

गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर २,८०० किलोमीटरला १७५ लिटर इंधन लागते. लिटरला १०० रुपये धरले तरी १७,५०० रुपये होतात. दर त्याहून जास्त असेल तर त्या हिशेबाने वाढ धरावी. खासगी कारसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीला तो ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष असा होता. राज्य सरकारच्या रस्त्यांवर तो चालत नाही. नऊ मुक्काम, सफारीची जीप आणि जेवण हा खरा मोठा खर्च. चार-पाच जणांनी मिळून गेल्यास तो वाटला जातो.

अडचण आली तर?

राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्तीत ११२. हे क्रमांक चालकाबरोबर मुलांनाही पाठ असावेत. रोज संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर घरी ठिकाण कळवण्याचा नियम ठेवावा.

वाळवंटात गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जाऊ नये. सावली आणि पाणी गाडीजवळच असते; शोधायला येणाऱ्यांनाही माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

आधी सराव कुठे करावा?

त्यासाठी लांब जायला नको. बुलढाणा-खामगाव दरम्यानचे ज्ञानगंगा अभयारण्य जवळच आहे. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ २०१९ मध्ये तेराशेहून अधिक किलोमीटर चालून याच जंगलात आला होता. एका रविवारी भरलेल्या गाडीने ज्ञानगंगा आणि लोणार असा फेरा मारावा. मुलांना गाडी लागते का, सामान किती जास्त झाले, दुसरा चालक घाटात कसा चालवतो, हे एका दिवसात कळते. आवाज न करता, गाडीतून न उतरता, कचरा परत आणत जंगल पाहण्याची सवयही तिथेच लावता येते. माळढोकाच्या माळावर तीच सर्वांत जास्त उपयोगी पडेल.