फुकटातलं सॉफ्टवेअर आणि लग्नपत्रिकेचं एपीके

सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर काय काम करतो, हे पाहायला फार हिंडावं लागत नाही. आडतीत टॅली, डीटीपीवाल्याकडे कोरलड्रॉ आणि श्रीलिपी, फोटो स्टुडिओत फोटोशॉप, सेवा केंद्रात सातबारा नि पीकविम्यासाठी ब्राउझर. ही कामाची, म्हणजे अॅप्लिकेशन सॉफ्टवेअरं. त्यांच्याखाली विंडोज आणि प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन चालवणारे ड्रायव्हर. ही सिस्टिम सॉफ्टवेअरं. झिप उघडणारी, व्हायरस शोधणारी किरकोळ साधनं तिसऱ्या जातीतली.

परीक्षेपुरती ही वर्गवारी ठीक. दुकानदाराने मात्र विकतचं, रीतसर फुकट आणि क्रॅक मारलेलं अशी विभागणी करावी. लिब्रेऑफिस, इंकस्केप, जिंप रीतसर फुकट असूनही गिऱ्हाईक क्रॅकचंच जास्त. क्रॅकच्या फोल्डरात बहुतेक वेळा एक छोटी टेक्स्ट फाइल असते: आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाइल ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने चालवा. चोर यायच्या आधी घरधन्यानेच कुत्रं बांधून ठेवायचं! आणि हे करणारा माणूस अडाणी नसतो, बऱ्याचदा एमएस-सीआयटी झालेला असतो.

पूर्वी ही लागण पेनड्राइव्हवरून फिरायची. लग्नाचे फोटो न्यायला दिलेला पेनड्राइव्ह परत यायचा तेव्हा आतले फोल्डर लपलेले आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. त्यावर क्लिक केलं की व्हायरस आधी चालू, फोल्डर नंतर उघडणार. खरं तर १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरसही फ्लॉपीवरूनच जगभर गेला होता. अशाच व्हायरसांच्या उपद्रवावर उपाय म्हणून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभं केलं.

आता खेळ पैशाचा आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेत मालवेअरने एटीएमच्या मूळ यंत्रणेच्या जागी बनावट स्विच उभा केला. क्लोन केलेल्या कार्डांना तोच परस्पर ‘होकार’ देत राहिला आणि २८ देशांतून पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्ट या आंतरबँक यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा.

त्याच्या आदल्या वर्षी, जून २०१७ मध्ये, नॉटपेट्या या मालवेअरने न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं होतं. त्याचा उगम आपल्याला अडचणीत टाकणारा: युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच ते पसरलं. म्हणजे रीतसर माल घेणाराही बचावतोच असं नाही. म्हणून अपडेट टाळायचं का? मुळीच नाही. त्याच मालवेअरने विंडोजमधल्या ज्या भोकाचा फायदा घेतला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं.

आता मोर्चा मोबाइलकडे वळला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका आली. पीडीएफ दिसणारी ती फाइल एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाइल, निघाली आणि खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. ‘आरटीओ चलान’, ‘पीएम किसान’ या नावांनीही असली एपीके फिरतात. अॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे. ओळखीच्या नंबरावरून आलं म्हणून विश्वास ठेवू नये. त्या माणसाचा फोन आधीच गेलेला असू शकतो. एक लक्षात ठेवलं तरी पुरे: पत्रिका, चलान, पावती कधीच ‘इन्स्टॉल’ करावी लागत नाही.

कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसपेक्षाही आधी दोन गोष्टी मी करायला सांगेन. रोजच्या कामाला अॅडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं वापरा. आणि टॅलीचा डेटा दर शनिवारी वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवा. मशीनलाच जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर तेवढ्याच आवडीने लॉक करतं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या मशीनचा निर्णयही लांबवू नका. पैसे गेलेच तर बँकेच्या शाखेत चकरा मारण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत फुटण्याआधी कळवलं तर ती तिथेच गोठवता येते.