रुक्मिणीचं लग्न, दोन कवी

लेखमाला : बाईचं लिहिणं (भाग पाचवा)

मागच्या भागात आपण व्हर्जिनिया वुल्फच्या 1929 सालच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन'पाशी थांबलो होतो. लिहायचं तर बाईला स्वतःची खोली आणि हातात पैसा हवा, हे तिचं म्हणणं आता सगळ्यांना पटतं. त्याच पुस्तकातला दुसरा मुद्दा अजून वादाचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लेखिकेच्या हाताशी जे वाक्य होतं ते पुरुषांनी घडवलेलं होतं, तिच्या मापाचं नव्हतं, असं वुल्फ सांगते. मग बाईच्या मापाचं वाक्य असतं तरी कसं? आणि ते वेगळं असलं, तर कशामुळे?

याचं उत्तर शोधायला धामणगावच्या वाचकाला फार लांब जावं लागत नाही. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर आपल्या शेजारचं. रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण तिथं जातो, दरवर्षी तिची पालखी पंढरपूरला निघते. तिच्या लग्नाची गोष्ट मराठीत कितीदा तरी सांगितली गेली. त्यातल्या दोन रचना तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, थोड्याच वर्षांच्या अंतरानं झालेल्या. एक महदंबेची, दुसरी नरेंद्राची. गोष्ट तीच आणि काळही तोच, त्यामुळे शैली ताडून पाहायला याहून चांगली जोडी सापडणं कठीण.

महदंबेचे 'धवळे' जन्मले आपल्याच जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, जिथं आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतं आहे. महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांना लग्नाची लहर आली, मांडवाचा थाट झाला आणि लग्न म्हटल्यावर गाणी हवीतच. महदंबा गाऊ लागली. धवळे म्हणजे नवरदेवाला उद्देशून म्हटलेली लग्नातली गाणी. समोर माणसं बसलेली, विधी चाललेला. अशा वेळी शब्द कानावर पडताक्षणी कळावा लागतो आणि कडवं आटोपशीर लागतं. म्हणून तिची रुक्मिणी आपल्याला घरातली लेक वाटते. नरेंद्राचं 'रुक्मिणीस्वयंवर' 1292 च्या सुमाराचं. तो यादवांच्या दरबारात वावरलेला, पुढे महानुभाव झालेला कवी. त्याचा श्रोता काव्यशास्त्र जाणणारा. तो वर्णनावर रेंगाळतो, उपमेवर उपमा रचतो, विरहाचे सगळे रंग दाखवतो.

इथं लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो : बाईचं लिहिणं साधं नि घरगुती, पुरुषाचं भारदस्त नि अलंकृत. पण याच महदंबेनं हीच गोष्ट 'मातृकी स्वयंवरा'त पुन्हा सांगितली. त्यात वर्णमालेतल्या एकेका अक्षरानं कडव्याची सुरुवात करायची असते. हा बुद्धीचा, बांधणीचा खेळ आहे. बाई तीच आणि कथाही तीच, तरी शैली दोन. साधेपणा तिच्या बाईपणातून आला असता, तर तो इथंही तसाच दिसला असता. तो आला मांडवातून.

आता बुलढाण्याकडे पाहा. तिथल्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला, त्यावरून वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांवर उडवलेली राळ, हे त्यामागचं निमित्त. ताराबाईंचं गद्य हळुवार अजिबात नाही. त्या पुरुषांना समोर उभं करून जाब विचारतात, म्हणी फेकतात, बोलीतल्या शब्दानं वर्मावर घाव घालतात. महदंबा आणि ताराबाई दोघी बायका, दोघींचं नातं आपल्या वऱ्हाडाशी, पण त्यांची वाक्यं एका साच्यात बसत नाहीत.

फ्रान्समध्ये एलेन सिझू यांनी 1975 साली स्त्री-लेखनाची हाक दिली. बाईनं आपल्या देहातून, दाबून ठेवलेल्या इच्छेतून लिहावं, असं त्यांनी सांगितलं. तरी अशा लेखनाचं उदाहरण देताना त्यांनी ज्याँ जने या पुरुषाचं नाव घेतलंच. आपल्याकडे एकनाथांनी गौळणी लिहिल्या, त्याही बाईच्या तोंडून. म्हणजे तो आवाज दुसऱ्यालाही काढता येतो.

मग साहित्याला लिंग नसतं म्हणून मोकळं व्हायचं का? मला ते मान्य नाही. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या टोपणनावानं आलं, तेव्हा हे लिहिणारं कोण याचीच चर्चा पेटली. मालतीबाई बेडेकरांना नाव झाकावं लागलं, ही गोष्टच सांगते की बाईला बोलायची जागा सारखी नव्हती. माझं म्हणणं एवढंच की वेगळेपण आहे, आणि ते जागेतून येतं. मांडव, जातं, माजघर, वर्तमानपत्रातली बदनामी, टोपणनावाचा आडोसा : बाई जिथून बोलली, त्या जागेनं तिचं वाक्य घडवलं. जागा बदलली की वाक्यही बदललं.

म्हणूनच 'धवळे साधे आहेत' असं म्हणताना आपण जपून बोलावं. दरबारी काव्याची फूटपट्टी लावली तर मांडवातलं गाणं तोकडंच भरणार. बाईचं काहीही वाचताना आधी विचारावं : हे ती कुणासमोर म्हणत होती, हातात कोणतं काम होतं, आणि काय बोलायची तिला मुभा नव्हती? हळदीच्या दिवशी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाया गाऊ लागल्या, तर या वेळी त्यांचे शब्द नीट ऐका. महदंबा अशाच जागी बसून गायली होती.

पुढच्या भागात : जात्यावरची ओवी आणि दळणाची लय.