चार डावांचा न्याय

क्रिकेटवर बोलायला आपल्याकडे कुणालाच परवाना लागत नाही. अक्कलकोटच्या एस.टी. स्टँडजवळ चहा पीत उभा असलेला माणूससुद्धा मनातून निवड समितीचा सभासद असतो. त्याच्या तोंडी तीन वाक्यं ठरलेली असतात. ‘अमका सध्या फॉर्मात आहे’, ‘तमक्याचा फॉर्म गेला’ आणि तिसरं, सगळ्यांत जहरी, ‘तो ऐनवेळी कच खातो.’ फलंदाजाचं मोजमाप आपण याच तीन वाक्यांत उरकून टाकतो. ही वाक्यं कितपत खरी आहेत, ते आज पाहू या.

आधी एक साधा खेळ करून बघा. रुपयाचं नाणं १०० वेळा उडवा आणि छापा की काटा ते कागदावर लिहीत जा. सलग पाच वेळा एकच बाजू पडल्याचं कुठे ना कुठे जवळपास हमखास सापडेल. आता नाण्याला काही फॉर्म नसतो. ते खुशीत येत नाही आणि निराशही होत नाही. तरीही कागदावर लाट आल्यासारखी दिसते.

फलंदाजाचंही पुष्कळसं असंच आहे. चांगल्या फलंदाजाची सरासरी ४० असली, तरी तो दर डावात ४० करत नाही. एखाद्या दिवशी १२० होतात आणि पुढचे दोन-तीन डाव ५, ११, १७ असे जातात. समजा, असा फलंदाज पाच डावांतून दोनदा २० च्या आत बाद होतो. मग तीन डाव लागोपाठ तसेच जाण्याची शक्यता १०० त सहाच्या आसपास येते. म्हणजे १०० डावांच्या कारकिर्दीत असा पडता काळ तीन-चार वेळा यायचाच, आणि तोही त्याच्या खेळात तसूभर फरक न पडता! आपण मात्र तिसऱ्या डावालाच ‘संपला’ म्हणून मोकळे होतो.

याचा उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्यातला आहे. पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, २८ मार्च १९२६ चा. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींतल्या सात डावांत मिळून त्यांच्या ४३ धावा झाल्या. समोर फ्रेड ट्रूमन नावाचं तुफान होतं. ‘उम्रीगर वेगवान गोलंदाजीला भितात’ असा शिक्का बसला. गंमत म्हणजे त्याच दौऱ्यात एकूण सामन्यांत त्यांनी दीड हजाराहून अधिक धावा केल्या होत्या. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये पाच कसोटींत त्यांनी ५६० धावा काढल्या. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ केल्या. कसोटीतलं भारताचं ते पहिलं द्विशतक. १९५९ मध्ये इंग्लंडलाच जाऊन मँचेस्टरला ११८ काढल्या. एकूण ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतकं. निवड समितीनं १९५२ चे सात डाव पाहून त्यांना कायमचं घरी बसवलं असतं, तर हा हिशेब मांडायला उरलाच नसता.

आता तिसऱ्या वाक्याकडे येऊ. ‘ऐनवेळी कच खातो.’ हे वाक्य वर्षानुवर्षं सचिन तेंडुलकरला ऐकावं लागलं. जानेवारी १९९९, चेन्नई कसोटी, समोर पाकिस्तान. जिंकायला २७१ हव्या होत्या. पाठदुखी सोसत सचिननं १३६ केल्या. तो बाद झाला तेव्हा १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. त्या तिघांना मिळून संघाच्या धावसंख्येत चारचीच भर घालता आली आणि सामना १२ धावांनी गेला. खापर मात्र १३६ करणाऱ्यावर फुटलं! २००३ च्या विश्वचषकात त्याच्या ६७३ धावा झाल्या, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या अंतिम सामन्यातल्या चार. पुढे डिसेंबर २००८ मध्ये त्याच चेन्नईत इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचा पाठलाग करताना त्यानं नाबाद १०३ केल्या आणि सामना जिंकून दिला. माणूस तोच, मैदान तेच. दरम्यानच्या नऊ वर्षांत त्याचं काळीज बदललं होतं का? या खेपेला दुसऱ्या टोकाला युवराजसिंग शेवटपर्यंत उभा होता, एवढा फरक नक्की होता.

उम्रीगरांचंच पुन्हा बघा. १९६२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी एका कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या, वर एका डावात पाच बळीही घेतले. भारत हरला. ‘ऐनवेळचा खेळाडू’ म्हणून त्यांचं नाव घेतलं जात नाही, कारण ती पदवी आपण जिंकलेल्या सामन्यांतच वाटतो.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनाही हा प्रश्न फार दिवस छळत होता. मोक्याच्या क्षणी हमखास फटका मारणारे वेगळ्या जातीचे खेळाडू असतात, अशी तिकडे ठाम समजूत. १९७७ मध्ये रिचर्ड क्रेमर यांनी दोन हंगामांचे आकडे शेजारी मांडून पाहिले. एका वर्षी जे मोक्याला चमकले होते, तेच पुढच्या वर्षीही चमकतील असं काही दिसेना. १९८५ मध्ये तिघा संशोधकांनी बास्केटबॉलमधला ‘तापलेला हात’ तपासला आणि तो भास असल्याचं सांगितलं. अर्थात ही गोष्ट तिथं संपत नाही. जोशुआ मिलर आणि अ‍ॅडम सानहुर्हो या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे त्या हिशेबातली एक बारीक चूक दाखवून दिली. लय थोडीफार असते, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे फॉर्म अगदीच खोटा नाही, पण आपण समजतो तेवढा तो मोठा नाही.

मग खरा फॉर्म ओळखायचा कसा? धावा सोडून कारण शोधावं. दुखापत आहे का, पाय हलतोय का, एकाच चेंडूवर पुन्हा पुन्हा बाद होतोय का? २००३ साली सचिनला पाच कसोटींत १५३ धावाच करता आल्या. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू ड्राइव्ह करताना आपण बाद होतो, हे त्यानं हेरलं. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला त्यानं कव्हर ड्राइव्हच जवळपास बंद ठेवला आणि नाबाद २४१ काढल्या. कारण सापडलं की इलाजही सापडतो. ‘फॉर्म गेला’ म्हणून नुसता सुस्कारा सोडल्यानं काय साधणार?

हा सगळा आकड्यांचा काथ्याकूट का करायचा, असं कुणी म्हणेल. त्याला मी अब्बास अली बेग यांची हकीकत सांगेन. १९५९ मध्ये ऑक्सफर्डला शिकणारा हा २० वर्षांचा हैदराबादी मुलगा अचानक संघात बोलावला गेला. मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत त्यानं ११२ केल्या. उम्रीगरांच्या ११८ त्याच डावातल्या. पुढच्या जानेवारीत मुंबईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन्ही डावांत अर्धशतकं ठोकली. मग १९६०-६१ मध्ये पाकिस्तानचा संघ आला. बेग यांचे चार डाव फसले, मिळून ३४ धावा. आणि हा मुसलमान आहे, मुद्दामच खेळत नाही, अशी विषारी पत्रं त्यांना येऊ लागली. ते संघाबाहेर गेले आणि एकदम १९६६-६७ मध्ये, दोन कसोटींपुरते परतले. उम्रीगरांच्या सात डावांवर लोकांनी त्यांचं धैर्य मोजलं, बेग यांच्या चार डावांवर इमान मोजलं. २०२१ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या एका सामन्यानंतर गोलंदाज महंमद शमीच्या वाट्यालाही तेच आलं. त्याच शमीनं २०२३ च्या विश्वचषकात सगळ्यांहून जास्त, २४ बळी घेतले. पण समजा, घेतले नसते तर? तरी ती शिवी खोटीच ठरली असती. आकड्यांत जे नसतं ते आपण आपल्या मनातून त्यांत भरतो, आणि मन गढूळ असलं की निवाडाही गढूळ होतो.

आमच्या मुशायऱ्यातही हेच चालतं. एका रात्री दाद मिळाली नाही की कवी आटला म्हणतात. पण कवी दुसरी गझल लिहू शकतो. तालुक्याच्या निवड चाचणीला आलेल्या १५ वर्षांच्या पोराला मात्र दुसरी संधी क्वचितच मिळते. दोन डाव बघून त्याला परत पाठवणाऱ्या गुरुजींना माझी एवढीच विनंती आहे, की त्याचे आणखी दहा डाव बघा. समोर गोलंदाज कोण होता, खेळपट्टी कशी होती, पोरगं बाद कसं झालं, तेही लिहून ठेवा. वही जाड होऊ द्या आणि मग शेरा मारा.