संधिवात : नाव एक, आजार दोन

उतारवयात गुडघे दुखू लागले तरी आपण ‘संधिवात’ म्हणतो आणि पस्तिशीतल्या बाईची बोटे सुजली तरी ‘संधिवात’च म्हणतो. पहिला आजार मुख्यतः झिजेचा. दुसरा, ज्याला डॉक्टर ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात, तो शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतून उद्भवतो. त्यासाठी मराठीत ‘आमवात’ हा माधवनिदानातला जुना शब्दही रूढ आहे. इंग्रजी नाव आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये सुचवले. त्याच्या मुळाशी ‘प्रवाह’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. आपला वात काय किंवा ग्रीकांचा प्रवाह काय, दोन्ही नावे जुन्या कल्पनांवर उभी आहेत.

सांध्याला आतून पातळ अस्तर असते. त्यातून पाझरणारा द्रव वंगणाचे काम करतो. या आजारात शरीरातल्या काही प्रथिनांत बदल होतो : अर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिन बनते. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांत प्रतिकारयंत्रणा अशा प्रथिनांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. धूम्रपानाने हा धोका वाढतो. दुखणे सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीही ही प्रतिपिंडे रक्तात सापडू शकतात.

पुढे टी-पेशी, बी-पेशी आणि भक्षक पेशी सांध्याच्या अस्तरात गोळा होतात. त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ असे रासायनिक निरोप सोडतात. त्या निरोपांनी आणखी पेशी येतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, द्रव झिरपतो, सांधा सुजतो आणि गरम लागतो. अस्तर जाड होऊन कूर्चेवर पसरते व तिला खाऊ लागते. एरवी जुने हाड काढून नव्याला जागा करून देणाऱ्या पेशी हाडाच्या कडा कुरतडू लागतात.

टीएनएफ हा या साखळीतला कळीचा दुवा आहे, हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी दाखवले. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफ अडवणारे औषध रुग्णांना दिले आणि सूज उतरली.

इथे नावाचा प्रश्न येतो. ‘वातच आहे, वयाबरोबर व्हायचाच’ असे म्हणत तेल चोळण्यात महिने जातात आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच हाडांची हानी होऊ शकते. झालेली हानी भरून येत नाही. मात्र मेथोट्रेक्झेटसारखी औषधे वेळेवर सुरू झाली तर ती बरीचशी टाळता येते. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ बोटे आखडणे, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे, हालचालीने थोडे मोकळे वाटणे या खुणा आठवड्यांमागून आठवडे टिकल्या, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.

‘झिजेचा संधिवात’ आणि ‘दाहाचा संधिवात’ असे दोन शब्दप्रयोग आपण लिहिताना, शिकवताना रुळवले, तर कोणता आजार थांबून चालत नाही, हे नावातूनच कळेल.